शील्ड हुकली, कप आला: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

इंडियन सुपर लीग या फुटबॉल स्पर्धेच्या २०२३-२४ हंगामाबद्दल मला अजूनही सर्वाधिक पत्रं येतात. मुंबई सिटीने साखळीच्या शेवटच्या सामन्यात शील्ड, म्हणजे साखळीत पहिलं येणाऱ्याचं बक्षीस, गमावली आणि तीन आठवड्यांच्या आत त्याच मैदानावर, त्याच संघाला, कोलकात्याच्या मोहन बागानला, हरवून कप, म्हणजे बाद फेरी जिंकणाऱ्याचा करंडक, आणला. त्या हंगामाशी जोडलेले काही प्रश्न आज घेतो.

विक्रोळीहून एक वाचक: शील्ड मोहन बागानची, कप मुंबईचा. ऑफिसातला बंगाली मित्र म्हणतो चॅम्पियन आम्ही, मी म्हणतो आम्ही. बरोबर कोण?

लीगच्या तेव्हाच्या नियमाप्रमाणे कप जिंकेल तो चॅम्पियन, म्हणजे तुम्ही बरोबर. पण त्या हंगामातला सर्वोत्तम संघ कोण असं मला विचाराल, तर मोहन बागान. मुंबईत राहतो, मुंबईसाठी घसा बसेपर्यंत ओरडतो, तरीही हेच सांगेन.

बारा संघ होते. प्रत्येकाला दुसऱ्याशी एकदा घरच्या मैदानावर आणि एकदा त्याच्या दारात जाऊन खेळायचं, असे २२ सामने. त्यात बागानचे ४८ गुण, मुंबईचे ४७. त्यानंतरची बाद फेरी पहिल्या सहा जणांची. पहिले दोन थेट उपांत्य फेरीत, बाकी चौघांत एकेका सामन्यात निकाल. तिथे दोन-तीन चांगल्या संध्याकाळी लाभल्या की कप हातात येतो. २२ सामन्यांत मात्र दुखापती, प्रवास, कार्ड, खराब दिवस, सगळ्याचा हिशेब होतो.

आशियाई फुटबॉलच्या लेखीही तेव्हा शील्डचं वजन जास्त होतं. त्या हंगामाच्या शील्डवर बागानला एएफसी चॅम्पियन्स लीग टू या आशियाई क्लबांच्या स्पर्धेत जागा मिळाली. कपवर आशियातली कुठलीच जागा नव्हती. २०२०-२१ आठवून पाहा. करोनामुळे सगळा हंगाम गोव्यात, रिकाम्या मैदानांत झाला. मुंबई आणि एटीके मोहन बागान (बागानचं तेव्हाचं नाव) दोघांचे ४० गुण, पण मुंबईने साखळीत त्यांना दोन्ही वेळा हरवलं होतं, म्हणून शील्ड आपली. पुढे १३ मार्च २०२१ ला अंतिम सामन्यात बिपिन सिंगने ९० व्या मिनिटाला गोल केला आणि २-१ ने कपही आला. त्या वर्षी वादाला जागाच उरली नाही. त्या शील्डच्या जोरावर एप्रिल २०२२ मध्ये आपण रियाधला गेलो आणि इराकच्या अल कुवा अल जाविया, म्हणजे एअर फोर्स क्लबला २-१ ने हरवलं. एएफसी चॅम्पियन्स लीगमध्ये सामना जिंकणारा मुंबई सिटी हा पहिला भारतीय क्लब.

बंगाली मित्राला सांगा, दोघांनी अर्धं अर्धं वाटून घ्या.

वसईहून एक कॉलेज विद्यार्थी: शेवटच्या सामन्यात नुसती बरोबरी पुरे होती. तरी हरलो. घाबरून खेळलो का?

१५ एप्रिल २०२४, कोलकात्याचं सॉल्ट लेक स्टेडियम. मुंबई ४७ गुणांवर, बागान ४५ वर. बागानच्या लिस्टन कोलासोने २८ व्या मिनिटाला गोल केला, जेसन कमिंग्सने ८० व्या. आपल्या छांगतेने ८९ व्या मिनिटाला एक परत केला, पण उशीर झाला होता. बरोबरीवर डोळा ठेवून खेळणारा संघ नकळत दहा पावलं मागे सरकतो, हे खरं. पण शील्ड त्या एका संध्याकाळी गेली असं मला वाटत नाही.

पूर्ण तक्ता समोर ठेव. मुंबई: १४ विजय, ५ बरोबरी, ३ पराभव. बागान: १५ विजय, ३ बरोबरी, ४ पराभव. म्हणजे बागान आपल्यापेक्षा एक सामना जास्त हरलं आणि तरी वर राहिलं! विजयाला तीन गुण आहेत, त्यामुळे दोन बरोबरी केल्या तर दोन गुण, एक जिंकून एक हरलास तर तीन. मुंबईच्या पाचपैकी एका बरोबरीत एक गोल अजून झाला असता, तर कोलकात्यात हरूनही शील्ड इकडे आली असती. हंगाम असाच निसटतो. ज्याचं कुणी स्टेटस ठेवत नाही अशा एखाद्या संध्याकाळी.

त्यात मध्येच प्रशिक्षक बदलला. डेस बकिंगहॅम नोव्हेंबरमध्ये इंग्लंडला ऑक्सफर्ड युनायटेडकडे गेले आणि डिसेंबरमध्ये पीटर क्रॅटकी आले. लगेच २० डिसेंबरला अंधेरीत बागानशी तो सामना झाला, दोन्ही संघ मिळून सात लाल कार्डं. आपण २-१ जिंकलो, स्टेडियम दणाणून गेलं. पण लाल कार्ड म्हणजे पुढच्या सामन्यातून बाहेर. चार दिवसांनी कोचीत केरळा ब्लास्टर्सने आपल्याला २-० हरवलं. मी तेव्हाही लिहिलं होतं आणि आजही म्हणतो, बागानला हरवल्याचा आनंद आपल्याला महागात पडला.

बोरिवलीहून एक वाचक: गोव्याविरुद्ध ९० व्या मिनिटानंतर तीन गोल झाले. हा जास्तीचा वेळ ठरवतं कोण?

मुख्य पंच, आणि फक्त तेच. चौथा अधिकारी जो फलक दाखवतो, तो किमान वेळ असतो. दुखापती, खेळाडूंची अदलाबदल, गोलनंतरचा जल्लोष, मुद्दाम केलेला वेळकाढूपणा हे सगळं पंच मनात मोजत असतात. भरपाई वेळेतच आणखी वेळ वाया गेला, तर तोही वाढतो. २०२२ च्या कतार विश्वचषकापासून हे मोजमाप जगभर कडक झालं.

तो सामना २४ एप्रिलचा, गोव्यातल्या फातोर्ड्याला, उपांत्य फेरीचा पहिला टप्पा. बोरिस सिंग आणि ब्रँडन फर्नांडिसच्या गोलनी गोवा २-० पुढे. मी घरी टीव्हीसमोर, आणि आमच्या मजल्यावरच्या बाकी घरांतले टीव्ही एव्हाना दुसऱ्या चॅनलवर गेलेले. छांगतेने ९० व्या मिनिटाला एक परत केला तेव्हा मी फक्त सरसावून बसलो. मिनिटभरात विक्रम प्रताप सिंगचा दुसरा. तेव्हा उठून उभा राहिलो. आणि सहाव्या जादा मिनिटाला पुन्हा छांगते. शेजारच्या वहिनी दार वाजवून विचारत होत्या, काय झालं?

गोव्याच्या बचावपटूंचे पाय त्या दहा मिनिटांत बघा कधी. चेंडू दूर मारतात, पण पुढे सरकत नाहीत. दोन गोलांची आघाडी डोक्यात असली की माणूस घड्याळाकडे बघू लागतो आणि पाय गोलकडे ओढले जातात. मुंबईचे खेळाडू मात्र गोल झाला की चेंडू उचलून मध्यावर पळत होते. पाच दिवसांनी अंधेरीत दुसरा टप्पा आपण २-० जिंकलो. ४ मे ला बागानविरुद्धच्या अंतिम सामन्यात कमिंग्सच्या गोलने पुन्हा मागे पडलो आणि परेरा दियाझ, बिपिन, व्होयटस यांच्या गोलनी ३-१ जिंकलो. सॉल्ट लेकमध्ये साठ हजारांवर माणसं चिडीचूप. मागे पडल्यावर न बिथरणं हा संघ फातोर्ड्याला शिकला.

कल्याणहून: हैदराबाद तळाला राहिलं, तरी खालच्या लीगमध्ये गेलं नाही. का?

कारण त्या हंगामात वर जाण्याची सोय होती, खाली पडण्याची नव्हती. आय-लीग, म्हणजे खालची लीग, जिंकून वर आलेला पहिला संघ पंजाब एफसी, तोही त्याच हंगामात. मला हे अर्धवट वाटतं. तळाच्या दोन संघांना पडायची धास्ती असती, तर फेब्रुवारी-मार्चमधले किती तरी सामने जिवंत झाले असते.

ठाण्याहून एक आई: मुलगा तेरा वर्षांचा आहे, फुटबॉलवेडा. पण संघात सगळी मिझोराम, मणिपूरची मुलं दिसतात. आपल्या मुलाला जागा आहे का?

आहे, ताई. २०२४ चा तो कप उचलणारा कर्णधार राहुल भेके मुंबईचा. लीगचा २०१९ चा अंतिम सामना अंधेरीतच झाला होता, तेव्हा बंगळुरूकडून खेळताना ११७ व्या मिनिटाला विजयी गोल त्याचाच. रियाधमधल्या त्या ऐतिहासिक विजयातला एक गोलही त्याचा. आणि मैदानावर एका वेळी चारच परदेशी खेळाडू चालत होते, म्हणजे सात जागा भारतीयांच्या.

मिझोरामचा छांगते, मणिपूरचा बिपिन पुढे का गेले? तिथे पोरं लहानपणापासून सामने खेळतात, गावागावांत. आपल्याकडे टर्फवर पाच-पाच जणांचा खेळ जास्त. त्याने पाय चपळ होतात, पण मोठ्या मैदानावर कुठे उभं राहायचं ते कळत नाही. म्हणून कोचिंग क्लास निवडताना फी आणि जर्सीच्या आधी एक विचारा: वर्षभरात मुलगा पूर्ण मैदानावर, अकरा जणांचे किती सामने खेळेल? उत्तर पाच-सहा असेल तर दुसरीकडे चौकशी करा. निवड नक्की करून देतो म्हणून पैसे मागणाऱ्याकडे तर फिरकूही नका. आणि सामना हरून आला की त्या दिवशी घरी विषय काढू नका, एवढी माझी विनंती.

परळहून एक ज्येष्ठ वाचक: आम्ही कूपरेजवर रोव्हर्स कप पाहिलेली माणसं. या नव्या क्लबशी नातं जुळत नाही.

काका, तुमचं दुखणं मला कळतं. १८९१ साली सुरू झालेली मुंबईची फुटबॉल स्पर्धा, रोव्हर्स कप, बंद पडली. मुंबईच्या महिंद्रा युनायटेडने २००५-०६ मध्ये राष्ट्रीय लीग जिंकली, तीही बाद फेरीशिवाय, निव्वळ साखळीत, आणि २०१० मध्ये तो संघच बंद झाला. नंतर मुंबई एफसीही गेला. दर वेळी मन लावायचं आणि दर वेळी जर्सी कपाटात जायची. पण माणसं संपली नाहीत. महिंद्रा आणि मुंबई एफसीच्या जर्सीत तुम्ही पाहिलेला खालिद जमील ऑगस्ट २०२५ मध्ये भारताचा मुख्य प्रशिक्षक झाला.

एकदा अंधेरीला या. प्रभादेवीहून लोकल, अंधेरीला मेट्रो, वर्सोव्याच्या दिशेने पुढचंच स्टेशन आझाद नगर. तिथून शहाजी राजे क्रीडा संकुल चालत थोड्या अंतरावर. स्टेडियम लहान आहे, कूपरेजसारखंच. बचावपटू एकमेकांना हाका मारतात त्या ऐकू येतात, चेंडूवर बूट बसल्याचा आवाजही. सामन्याच्या तासभर आधी पोहोचा, गोलरक्षकांचा सराव सुरू असतो तेव्हा.