हर्पीस कायमचा बरा होतो का? ‘सहा महिन्यांत रक्त निगेटिव्ह करून देतो’ या दाव्यात काही तथ्य आहे का?

तुम्ही लिहिलेली हकिकत थोडक्यात अशी आहे: काही महिन्यांपूर्वी जननेंद्रियावर पाण्याने भरलेल्या बारीक फोडांचा पुंजका आला, त्वचारोगतज्ज्ञांनी तो हर्पीस असल्याचे सांगून गोळ्या दिल्या, फोड सुकले, आणि आता त्याच जागी ते पुन्हा आले आहेत. इंटरनेटवर भेटलेला एक वैद्य चूर्णाच्या सहा महिन्यांच्या कोर्सने विषाणू मुळापासून घालवण्याची आणि तपासणी निगेटिव्ह आणून दाखवण्याची हमी देत आहे. शिवाय तुमचे लग्न ठरलेले आहे. मी डॉक्टर नाही. तालुक्याच्या गावी औषधांचे दुकान चालवणारी फार्मासिस्ट आहे. त्यामुळे निदान करणे माझे काम नाही, परंतु या आजारावरची औषधे शरीरात नेमके काय करतात आणि काय करू शकत नाहीत, हे मी नीट सांगू शकेन.

हर्पीसचा विषाणू शरीरातून पूर्णपणे काढून टाकणारे औषध आज कोणत्याही पॅथीत उपलब्ध नाही. त्याच वेळी हेही तितकेच खरे आहे की, या आजाराचा त्रास औषधांनी फार चांगला आटोक्यात राहतो, काळानुसार तो बहुतेकांमध्ये आपोआप कमी होत जातो, आणि हर्पीस असलेली असंख्य माणसे लग्न करून, मुलेबाळे होऊन, सामान्य आयुष्य जगतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० साली पन्नाशीच्या आतील सुमारे ३८० कोटी लोकांमध्ये हर्पीस सिम्प्लेक्सचा पहिला प्रकार होता, तर १५ ते ४९ या वयोगटातील सुमारे ५२ कोटी लोकांमध्ये दुसरा. यातील बहुतेकांना आपल्याला हा संसर्ग आहे याची कल्पनाच नसते, कारण त्यांना लक्षणे तरी नसतात किंवा ती इतकी किरकोळ असतात की घामोळे अथवा खरचटणे समजून सोडून दिली जातात.

विषाणू जात का नाही, हे समजले की वैद्याच्या दाव्याचे काय करायचे हेही आपोआप समजते. एचएसव्ही-१ (हर्पीस सिम्प्लेक्स विषाणूचा पहिला प्रकार) हा प्रामुख्याने ओठांवर आणि तोंडात, तर एचएसव्ही-२ प्रामुख्याने जननेंद्रियांवर आढळतो. मात्र मुखमैथुनातून पहिला प्रकारही जननेंद्रियांवर येऊ शकतो. त्वचेला त्वचेचा स्पर्श होऊन विषाणू आत शिरतो, तेथे वाढतो, फोड आणतो आणि त्याच वेळी त्या भागातील संवेदना वाहून नेणाऱ्या मज्जातंतूच्या टोकांतून वर प्रवास करत मज्जापेशींच्या गाठींपर्यंत पोहोचतो. जननेंद्रियांच्या बाबतीत या गाठी कण्याच्या अगदी खालच्या भागाजवळ असतात. तेथे पेशीच्या केंद्रकात त्याचा डीएनए जवळजवळ काहीही न करता पडून राहतो. प्रथिने तयार करत नसल्यामुळे आपल्या प्रतिकारशक्तीला तो ओळखू येत नाही. पुढे कधी ताप, अतिश्रम, जागरण, मानसिक ताण किंवा अन्य काही कारणाने, आणि कित्येकदा काहीच कारण न दिसता, तो जागा होतो आणि त्याच मज्जातंतूने खाली येतो. पुन्हा त्याच जागी फोड येतात ते यामुळे. तुमच्या गोळ्या निकृष्ट होत्या किंवा डॉक्टरांचे निदान चुकले, असा त्याचा अर्थ होत नाही.

आता औषधाकडे पाहू. अ‍ॅसायक्लोव्हिर हे औषध ज्या संशोधनातून निघाले, त्यात गर्ट्रूड एलियन या शास्त्रज्ञ स्त्रीचा मोठा वाटा होता. १९८८ च्या वैद्यकशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाच्या मानकऱ्यांत त्या होत्या. या औषधाची खुबी अशी की, गोळी पोटात गेल्यावर ते निष्क्रिय असते. विषाणू स्वतःची वाढ करण्यासाठी थायमिडीन कायनेज नावाचे एक विकर (एन्झाइम) बनवतो आणि तेच विकर या औषधाला जागे करते. मग औषध विषाणूच्या डीएनएच्या साखळीत शिरते आणि ती साखळी तिथेच थांबवते. ज्या पेशीत विषाणू नाही, तेथे ते जवळजवळ काहीच करत नाही, म्हणून निरोगी पेशींना त्याचा उपद्रव फार कमी होतो. परंतु याच गुणात त्याची मर्यादाही आहे. मज्जापेशीत झोपलेला विषाणू ते विकर बनवतच नाही, आणि चोर घराबाहेर पडल्याशिवाय त्याला न पकडणाऱ्या पहारेकऱ्यासारखे औषध तेथे नुसते उभे राहते. व्हॅलासायक्लोव्हिर आणि फॅमसायक्लोव्हिर ही पुढची औषधे दिवसातून कमी वेळा घ्यावी लागतात, परंतु त्यांनाही ही मर्यादा चुकलेली नाही.

वैद्याची ‘निगेटिव्ह’ची हमी मला विशेष धोकादायक वाटते, कारण काहीही न करता ती खरी ठरल्यासारखी दाखवता येते. आयजीएम नावाची प्रतिपिंडे कधी वाढतात, कधी घटतात, आणि हर्पीसच्या निदानासाठी ती मुळातच भरवशाची नाहीत. सहा महिन्यांनी तो अहवाल निगेटिव्ह आला तर त्यात चूर्णाचे काहीच कर्तृत्व नाही. रक्तातील विषाणूची पीसीआर तपासणी (विषाणूचा डीएनए शोधणारी) तर अशा रुग्णात पहिल्या दिवसापासूनच निगेटिव्ह येण्याची शक्यता अधिक, कारण विषाणू रक्तात नसून मज्जातंतूत असतो. त्यातच एचएसव्ही-२ चे हल्ले पहिल्या वर्षी सर्वांत जास्त, साधारणपणे चार-पाच वेळा, येतात आणि पुढे त्यांची संख्या आपसूक घटते. या घटीचे श्रेय त्या काळात जे काही चालू असेल त्याला मिळते, मग ते चूर्ण असो, अंगारा असो की पथ्य. १९५४ च्या औषधे व जादूचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याच्या अनुसूचीत गुप्तरोगांचा समावेश आहे, म्हणजे ते बरे करण्याची जाहिरात करणे हाच आपल्याकडे गुन्हा आहे. चूर्णाचे पैसे देऊ नका. ते आधीच सुरू केले असेल तर थांबवा आणि तसे डॉक्टरांना स्पष्ट सांगा. लेबल नसलेल्या अशा पुड्यांत शिसे, पारा किंवा स्टेरॉइड सापडल्याची उदाहरणे आहेत.

उपचाराच्या प्रत्यक्ष पद्धती दोन आहेत. पहिल्या संसर्गात गोळ्या सात ते दहा दिवस दिल्या जातात. नंतरच्या हल्ल्यांत कमी दिवस पुरतात, मात्र गोळी फोड येण्याची वाट न पाहता, त्या जागी मुंग्या किंवा जळजळ सुरू होताच, निदान पहिल्या दिवसाच्या आत, घ्यावी लागते. त्यासाठी डॉक्टरांकडून चिठ्ठी आधीच लिहून घेऊन औषध घरात ठेवणे शहाणपणाचे आहे, कारण रविवारी रात्री जळजळ सुरू झाली तर सोमवारी संध्याकाळपर्यंत थांबण्यात गोळीचा निम्मा उपयोग निघून जातो. दुसरी पद्धत म्हणजे रोज एक किंवा दोन गोळ्या दीर्घकाळ घेत राहणे. वारंवार हल्ले येणाऱ्यांमध्ये यामुळे त्यांचे प्रमाण साधारण ७० ते ८० टक्क्यांनी घटते. प्रतिकारशक्ती चांगली असलेल्या माणसांत औषधाला न जुमानणारा विषाणू क्वचितच तयार होतो, त्यामुळे ‘सवय लागेल’ ही भीती बाळगू नये. वर्षभराने डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळ्या थांबवून पाहता येते. मूत्रपिंडाचा आजार असेल तर मात्र मात्रा कमी करावी लागते, तो आधी सांगावा, आणि गोळ्या चालू असताना पाणी भरपूर प्यावे.

दुकानात माझ्याकडे या तक्रारीसाठी बहुतेक जण गोळी मागत नाहीत, खालच्या आवाजात मलम मागतात. जननेंद्रियांच्या हर्पीसवर अ‍ॅसायक्लोव्हिरच्या मलमाचा उपयोग फारसा होत नाही. त्याहून वाईट म्हणजे खाज-गजकर्णासाठी सर्रास वापरली जाणारी, स्टेरॉइड मिसळलेली ट्यूब. ती लावल्यावर लाली आणि आग एक-दोन दिवस कमी वाटते, परंतु त्या जागेची प्रतिकारशक्ती दबल्यामुळे विषाणूला रान मोकळे मिळते. घरात अशी ट्यूब पडलेली असेल तर ती येथे लावू नका.

तुमच्या घरी याला नागीण म्हणत असतील, तर गल्लत करू नये. नागीण म्हणजे हर्पीस झोस्टर. ती कांजिण्यांच्या विषाणूमुळे होते, लैंगिक संबंधाशी तिचा संबंध नाही, आणि ती सहसा एकाच मज्जातंतूच्या पट्ट्यात, शरीराच्या एका बाजूला येते. तिची दोन टोके जुळली की माणूस दगावतो, हा समज निराधार आहे. दोन्ही विषाणू एकाच कुळातील असल्यामुळे औषधे तीच, फक्त नागिणीत मात्रा बरीच मोठी असते आणि ती पुरळ दिसल्यापासून ७२ तासांच्या आत सुरू करावी लागते.

लग्नाच्या प्रश्नावर मला अधिक सविस्तर लिहायचे आहे, कारण तुमची खरी घालमेल तेथेच दिसते. विषाणू फोड असताना सर्वाधिक पसरतो, परंतु फोड नसतानाही अधूनमधून त्वचेवर येतो, आणि प्रत्यक्षात बरेच संसर्ग अशाच ‘काहीही दिसत नसलेल्या’ दिवसांत होतात. म्हणून मुंग्या सुरू झाल्यापासून त्वचा पूर्ववत होईपर्यंत संबंध टाळणे ही पहिली पायरी झाली. निरोधाने धोका बराच कमी होतो, पण तो झाकत नाही त्या त्वचेवरूनही संसर्ग होऊ शकत असल्याने तो शून्यावर येत नाही. तिसरी पायरी रोजच्या गोळीची. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एका जोडीदाराला एचएसव्ही-२ असलेली १,४८४ जोडपी होती. आठ महिन्यांत, औषध नसलेली, नुसती दिसायला तशी गोळी घेणाऱ्यांच्या जोडीदारांपैकी ३.६ टक्क्यांना संसर्ग झाला, तर रोज ५०० मिलिग्रॅम व्हॅलासायक्लोव्हिर घेणाऱ्यांच्या जोडीदारांपैकी १.९ टक्क्यांना. हे तिन्ही उपाय एकत्र केले तर धोका बराच खाली येतो.

होणाऱ्या पत्नीला सांगावे का? माझ्या मते सांगावे, आणि लग्नाआधी सांगावे. तिच्या शरीराबाबतचा निर्णय तिला माहिती असतानाच घेता आला पाहिजे, हे एक कारण. आणि दुसरे निखळ वैद्यकीय कारण बाळंतपणाचे आहे. ज्या स्त्रीला हर्पीसचा संसर्ग गर्भारपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत पहिल्यांदाच होतो, तिच्या बाळाला प्रसूतीच्या वेळी तो होण्याचा धोका ३० ते ५० टक्के मानला जातो, आणि नवजात बाळातला हर्पीस जीवघेणा ठरू शकतो. उलट जुना संसर्ग असलेल्या आईने बाळाला प्रतिपिंडे आधीच दिलेली असल्यामुळे हा धोका एक टक्क्याहून कमी असतो. म्हणजे तुमच्या घरात सर्वांत जपण्याचा काळ पत्नीच्या गर्भारपणाचे शेवटचे महिने हा असेल, आणि तिला काहीच माहीत नसेल तर ती जपणूक तुम्ही कोणत्या कारणाने करणार? हे तिच्या प्रसूतितज्ज्ञांनाही सांगावे लागेल.

एक बाब या संभाषणापूर्वी ध्यानात ठेवा. पहिला फोड दिसला तो दिवस हा संसर्गाचा दिवस असेलच असे नाही. विषाणू कित्येक वर्षे गप्प राहून मग पहिल्यांदा दिसू शकतो. त्यामुळे तुम्हाला तो कोणाकडून, केव्हा आला, हे बहुधा कधीच सांगता येणार नाही, आणि पुढे पत्नीच्या अंगावर फोड आले तरी केवळ त्यावरून तुमच्या किंवा तिच्या वागण्याविषयी काहीही सिद्ध होत नाही. वैद्यकीय माहिती नसलेल्या नातेवाइकांना या चर्चेत आणू नये, असे मी आवर्जून सुचवते.

नव्या संशोधनाची आशा आहे, पण ती उद्याची आहे. लसीचे अनेक प्रयत्न आजवर फसले आहेत. अमेरिकेतील सिएटल येथील फ्रेड हचिन्सन संस्थेत जनुकीय कात्रीने (डीएनए ठरावीक जागी कापणाऱ्या विकराने) उंदरांच्या मज्जापेशींतील सुप्त विषाणूंपैकी ९० टक्क्यांहून अधिक नष्ट करता आले, हे २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. माणसांवर वापरता येईल असा उपचार त्यातून अद्याप निघालेला नाही.

तूर्त तुम्ही काय करावे, तर ताज्या फोडातील द्रवाची पीसीआर तपासणी करून प्रकार पहिला की दुसरा हे ठरवून घ्यावे, कारण जननेंद्रियांवरचा पहिला प्रकार पुन्हा पुन्हा येण्याचे प्रमाण दुसऱ्याच्या मानाने बरेच कमी असते. सोबत एचआयव्ही आणि सिफिलिसचीही तपासणी करावी. एचएसव्ही-२ असलेल्याला एचआयव्ही होण्याची शक्यता सुमारे तिपटीने वाढते. लघवी अडली, डोळा लाल होऊन दुखू लागला, किंवा तापासोबत तीव्र डोकेदुखी आणि भ्रम झाला, तर वाट न पाहता रुग्णालय गाठावे. खासगी खर्च झेपत नसेल, तर जिल्हा रुग्णालयातील किंवा शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातील सुरक्षा क्लिनिकमध्ये (लैंगिक आजारांच्या सरकारी दवाखान्यात) तपासणी आणि समुपदेशन होते. तेथे लैंगिक आजारांच्या औषधांचे रंगांनुसार संच असतात, त्यांतला लाल संच हर्पीसचा. १०९७ या विनामूल्य क्रमांकावरही माहिती मिळते. जायचे ते मात्र फोड ओले असतानाच जा, कारण खपली धरल्यावर नमुन्यात विषाणू सापडण्याची शक्यता झपाट्याने कमी होते.