क्लेम ऑटोमेट करण्याआधी

डिस्ट्रिब्युटर म्हणून कंपनीकडे दरफरकाचे आणि रिबेटचे (खरेदीवर मागाहून मिळणारी सूट) क्लेम आपोआप पाठवायचे असतील, तर सॉफ्टवेअर नंतर बघ, आधी रेट मास्टर (सगळ्या दरांची यादी) साफ कर. प्रत्येक दरापुढे तो कधीपासून कधीपर्यंत लागू हे नसेल, तर सिस्टीम चुकीचेच क्लेम जास्त वेगाने पाठवेल. बाजार डळमळीत असला की दर सारखे बदलतात आणि घोळ तिथेच होतो. समज, दर 250 वरून 230 झाला, त्या दिवशी गोदामात 400 नग होते, म्हणजे कंपनीकडे मागायचा फरक 8,000. वाटेतला माल धरायचा का? करारात बघ, अंदाज नको. फरक मागून वर रिबेटही जुन्याच दरावर काढलास, तर तोच फायदा दोनदा मागितल्यासारखं होतं आणि कंपनी अख्खा क्लेम परत पाठवू शकते (आणि त्यात तिचं चुकत नाही). एका स्कीममध्ये एका इनव्हॉइसवरच्या एका आयटमचा क्लेम एकदाच, ही अट सिस्टीममध्येच टाक. क्रेडिट नोट (कंपनीने तुझ्या खात्यात रक्कम जमा केल्याचा कागद) क्लेम नंबरला जोड, कमी आलेली रक्कम लगेच दिसते.