हार्बिंजर: अपशकुन नव्हे, पुढे गेलेला माणूस

एका भाषांतर करणाऱ्या ताईंनी विचारलं आहे: एकाच इंग्रजी लेखात 'हार्बिंजर' दोनदा आला, एकदा वसंत ऋतूचा आणि एकदा विनाशाचा. कोशातला 'अग्रदूत' वसंताला शोभतो, पण विनाशाच्या वाक्यात खटकतो. तिथे 'अपशकुन' चालेल का? आणि ओमेन, हेराल्ड, पोर्टेंट हे सगळे एकच का?

'अपशकुन' नको. का नको, ते या शब्दाच्या जन्मातच आहे.

जुन्या जर्मानिक भाषांत 'हेरी' म्हणजे सैन्य, आणि त्याला जोडून आलेल्या धातूचा अर्थ आसरा देणं. त्यातून सैन्याचा तळ आणि मग कुठलाही निवारा. इंग्रजीतलं 'हार्बर' आणि फ्रेंचमधली 'ओबेर्ज', म्हणजे सराई, याच घरातली. हार्बिंजर हा आधी नुसता आसरा देणारा होता. पुढे राजाच्या किंवा सैन्याच्या आधी गावात पोचून मुक्कामाची सोय लावणाऱ्या माणसाला तो शब्द लागला. मधला 'न' मूळचा नाही. मेसेज-मेसेंजर, पॅसेज-पॅसेंजर यांत तो जसा शिरला, तसाच इथेही.

वारी पाहिलेल्याला हे पटकन कळेल. दिंडी पायी चालत असते, तिचा ट्रक मात्र पुढच्या मुक्कामी आधीच पोचलेला असतो. माणसं तंबू ठोकतात, पाण्याची सोय बघतात, चूल मांडतात. अजून टाळ ऐकू येत नाही, पण रिकाम्या रानात तंबू उभे राहिलेले दिसले की गावाला कळतं, दिंडी येतेय. ते तंबू ठोकणारे म्हणजे हार्बिंजर. ते येणाऱ्याची खूण सांगत नाहीत, ते येणाऱ्यातलेच असतात.

इंग्लंडच्या राजघराण्यात हे खरोखरचं पद होतं आणि ते १८४६ पर्यंत टिकलं. १६८३ मध्ये दुसरा चार्ल्स विंचेस्टरला येणार होता. त्याच्या हार्बिंजरनं राजाची प्रेयसी, नटी नेल ग्विन हिच्यासाठी टॉमस केन या धर्मगुरूचं घर ठरवलं. केननं साफ नकार दिला. राजानं डूख धरला नाही, उलट पुढच्याच वर्षी बिशपपदासाठी केनचीच निवड केली. मला ही गोष्ट फार आवडते, कारण या शब्दामागचा खरा माणूस दारात उभा राहून घर मागताना दिसतो.

अर्थ कसा वळला, हे शेक्सपिअरच्या 'मॅकबेथ'मध्ये दिसतं. राजा डंकन मॅकबेथच्या घरी मुक्कामाला निघतो, तेव्हा मॅकबेथ म्हणतो, मीच हार्बिंजर होऊन पुढे जातो आणि बायकोला ही आनंदाची बातमी देतो. शब्द अगदी मूळ अर्थानं वापरला आहे. पण त्याच घरात राजाचा खून होणार आहे. सोय लावणारा आणि घात आणणारा एकाच शब्दात उभे आहेत.

तेव्हा कसोटी एवढीच: ती गोष्ट येणाऱ्याच्या पुढे चालते आहे, की तिचा अर्थ आपण लावतो आहोत? पुढे चालत असेल तर हार्बिंजर. अर्थ लावावा लागत असेल तर ओमेन, म्हणजे शकुन. ओमेन चांगलाही असतो, पण त्याचं विशेषण 'ऑमिनस' मात्र वाईटाकडेच झुकतं, जसं आपण 'लक्षण ठीक दिसत नाही' म्हणतो. 'ऑस्पिशस', म्हणजे शुभ, हे लॅटिनमधल्या पक्षी पाहण्यावरून आलं, आणि संस्कृतात 'शकुन' म्हणजे पक्षीच. रोमन माणूस आणि आपण, दोघंही आकाशाकडेच बघत होतो.

पोर्टेंट म्हणजे भारी, धाक बसवणारं चिन्ह. १०६६ मध्ये हॅलेचा धूमकेतू इंग्लंडवर दिसला आणि त्याच वर्षी हॅरॉल्ड राजा हेस्टिंग्जच्या लढाईत पडला. तसला धूमकेतू पोर्टेंट. त्याला आपल्याकडे 'उत्पात' हा जुना शब्द आहे. हेराल्ड हा ललकारी देणारा, आपला भालदार-चोपदार. म्हणून वर्तमानपत्रांना ते नाव शोभतं. गोव्यात १९०० साली पोर्तुगीजमध्ये निघालेल्या 'ओ हेराल्दो'चं नावही तेच. याच घोळक्यातला प्रिकर्सर म्हणजे मुख्य गोष्टीच्या आधी येणारी गोष्ट. त्याला आयुर्वेदातलं 'पूर्वरूप', म्हणजे आजाराआधी दिसणारी लक्षणं, छान बसतं, निदान आजाराच्या संदर्भात तरी.

आता तुमची दोन वाक्यं. वसंताला 'अग्रदूत' चालेल, पण मी 'चाहूल' घेईन: 'आंब्याच्या मोहोरानं वसंताची चाहूल दिली.' चाहूल म्हणजे मुळात पावलांचा आवाज, त्यामुळे येणारा खरोखर जवळ आलेला असतो. विनाशाला 'नांदी' घ्या. नांदीत 'नंद्', म्हणजे आनंदणं, हा धातू आहे, म्हणून 'विनाशाची नांदी' चूक, असं काही जण मानतात. मला ते मान्य नाही. नाटक सुखांत असो की शोकांत, नांदी पुढे कोणता अंक आहे ते पाहून थांबत नाही. ती संपली की पडदा उघडतोच. मराठीत हा अर्थ रूढ होऊन बराच काळ लोटला, आणि राहण्याची सोय लावणारा हार्बिंजरही याच वाटेनं विनाशापर्यंत पोचला. तेव्हा 'ही विनाशाची नांदी ठरली' असं बिनधास्त लिहा.