पोस्ट-रॉकमध्ये शब्द नाहीत, चालही नाही. मग ऐकायचं तरी काय?

मित्राने पाठवलेलं पोस्ट-रॉकचं, म्हणजे रॉकच्या वाद्यांवरच्या पण बहुतेक शब्दांविना चालणाऱ्या संगीताचं, वीस मिनिटांचं गाणं तुम्ही पाचव्या मिनिटाला बंद केलंत, कारण त्यात काही घडतच नव्हतं, असं तुम्ही लिहिलंय. माझ्या मते घडत होतं, पण चालीत नव्हे, नादात.

मी गोव्यातल्या फोंड्याचा. आमच्याकडे चवथीला आरत्या घुमटावर होतात. घुमट म्हणजे मातीचं भांडं, एका तोंडाला चामडं आणि दुसरं उघडं. उजव्या हाताने थाप मारायची आणि डाव्या तळव्याने ते उघडं तोंड झाकत-उघडत नाद बदलायचा. त्यात काठ्यांनी वाजवायचं शामेळ आणि कासाळं, म्हणजे मोठ्या झांजा, मिसळली की सुवारी, म्हणजे या वाद्यांचं एकत्र वादन, रंगते. सुवारीत शब्द नसतात, तरी लय चढत जाते तसे अंगणातले सगळे गप्प होतात. लहानपणापासून हे कानावर असल्यामुळे मला पोस्ट-रॉक परकं वाटलंच नाही.

पोस्ट-रॉक हा शब्द रूढ केला इंग्रज समीक्षक सायमन रेनॉल्ड्स यांनी, 1994 मध्ये. त्यांचं म्हणणं असं, की वाद्यं रॉकचीच, पण काम वेगळं. गिटार वाजते ती नादाचा पोत विणण्यासाठी. सिगुर रोस या आइसलँडच्या बँडचा योन्सी तर गिटारवर चेलोचा गज फिरवतो. त्यांच्या 2002 च्या अल्बमला नाव म्हणून नुसते दोन कंस आहेत, आतल्या आठही गाण्यांना नावं नाहीत, आणि गायलेले शब्द कुठल्याच खऱ्या भाषेतले नाहीत. तराण्यातल्या ‘तोम तनन’चा अर्थ आपण कधी विचारतो का?

माझं सगळ्यात जास्त प्रेम टॉक टॉकवर. हिट पॉप गाणी देणारा हा लंडनचा बँड. पण 1988 च्या ‘स्पिरिट ऑफ ईडन’साठी त्यांनी स्टुडिओत जवळजवळ अंधार केला, वादकांना तासन् तास मनाला येईल ते वाजवू दिलं आणि त्यातले मोजके तुकडे निवडून एकमेकांना जोडले. बाकीचं बहुतेक टाकून दिलं. म्हणून त्या अल्बममधली शांतता रिकामी वाटत नाही. एखादा सूर येतो तो निवडून घेतलेला असतो, आणि त्याच्या आधीचा थांबाही. मी तो शंभरदा तरी ऐकला असेन.

पुढे पुष्कळ बँडनी ‘हळू सुरुवात, शेवटी गडगडाट’ असा साचाच करून टाकला. ते ऐकून कंटाळा आला तर दोष तुमच्या कानाचा नाही, खुशाल सोडून द्या. कॅनडाच्या गॉडस्पीड यू! ब्लॅक एम्परर यांचा 2000 चा जोड-अल्बम मात्र सोडू नका. वीस-वीस मिनिटांचे चारच तुकडे. तिसऱ्याच्या सुरुवातीला एक म्हातारा न्यू यॉर्कच्या कोनी आयलंडचे जुने दिवस आठवत बोलतो, आणि तो आवाज विरल्यावर गिटारी हळूहळू जमू लागतात. तिथे माझ्या अंगावर अजून काटा येतो. आपल्याकडचं हवं असेल तर ॲझवीकीपसर्चिंग या बँडचा 2017 चा ‘झिया’ हा अल्बम घ्या. त्यात हिंदी शब्द आहेत, पण थोडे. तुमच्यासाठी ते बरंच.

आता एक कामाची गोष्ट. हे फोनच्या स्पीकरवर किंवा फोंडा-पणजी बसमध्ये ऐकू नका, सुरुवातीचे बारीक आवाज इंजिनात बुडून जातात. जून-जुलैत पत्र्यावर पाऊस कोसळत असताना तर मीसुद्धा लावत नाही. रात्री घर निजल्यावर, कान पूर्ण झाकणारे हेडफोन लावून ऐका. आवाज आधी सर्वांत जोरकस भाग वाजवून ठरवा आणि मग पहिल्यापासून लावा. हळू भाग नीट ऐकू यावा म्हणून वाढवलात, तर पंधराव्या मिनिटाला कान बधिर होतील.

‘स्पिरिट ऑफ ईडन’ची पहिली बाजू एका बैठकीत ऐका, आणि तुम्ही बंद केलेला तो तुकडा कोणता होता तेही सांगा, मी आज रात्री लावून बघतो.