जपानमध्ये रामेनच्या दुकानात पहिल्यांदा जाताना काय माहीत असावं?

फुकुओकाला जाणार असाल तर हाकाता रामेन खा. बारीक, सरळ नूडल्स आणि डुकराची हाडं तासन्‌तास उकळून काढलेलं दुधाळ सूप, म्हणजे तोनकोत्सु. बऱ्याच दुकानांत दारातच तिकिटाचं यंत्र असतं. आधी पैसे टाका, मग बटण दाबा (मी उलटं करून मागची रांग खोळंबवली होती). तिकीट काउंटरवर ठेवलं की नूडल्स कितपत शिजवू, असं विचारतात. 'कातामे' सांगा, म्हणजे जरा कडक. गरम सुपात त्या बघता बघता मऊ पडतात. म्हणूनच तिथे वाडग्यात नूडल्स बेतानंच देतात. संपल्या की 'काएदामा' म्हणायचं, उरलेल्या सुपात नूडल्सचा नवा गोळा येऊन पडतो. थोडे जास्तीचे येन लागतात, पण सूप आधीच पिऊन टाकलंत तर फसलात!

आवाज करत ओढायला लाजू नका, आपण कढीचे भुरके मारतो तसंच. खाऊन झालं की उठायचं, गप्पांचा फड तिथे जमत नाही. टिप नसते.

शाकाहारी असाल तर मात्र वरचं मांस बाजूला काढून भागत नाही, सगळा ऐवज सुपातच आहे. व्हीगन रामेनचं दुकान आधी शोधूनच निघा.