आधी पोरं घे

बाळा,

तुझा फोन आल्यापासून डोक्यात तेच घोळतंय. गुडघ्यानं खेळ थांबवला आणि लगेच पेठेतल्या संघानं सिनिअर टीमचा कोच हो म्हणून विचारलं. मी सांगतोय आधी दोन वर्षं चौदा वर्षांखालची पोरं घे. तू म्हणालास, ‘सर, पोरांत अडकलो तर मला कोण विचारणार?’

ज्याची जर्सी घालून तू सरावाला यायचास त्या स्पेनच्या झाबी अलोन्सोकडे बघ. वडील पेरिको मधल्या फळीत खेळायचे, रिअल सोसिएदादकडून दोनदा आणि बार्सिलोनाकडून एकदा स्पेनची लीग जिंकलेले. म्हणजे फुटबॉल घरातच. स्वतःच्या नावावर २०१०चा विश्वचषक, दोन युरो कप, दोन चॅम्पियन्स लीग. इस्तंबूलला २००५च्या चॅम्पियन्स लीग फायनलमध्ये मध्यंतराला त्याचं लिव्हरपूल मिलानविरुद्ध ०-३ मागे होतं. दुसऱ्या हाफात याची पेनल्टी गोलकीपर दिदानं अडवली, तर परतलेला चेंडू यानंच जाळ्यात घालून ३-३ केलं. असा माणूस २०१७ मध्ये जर्मनीच्या बायर्नकडून निवृत्त झाला आणि कोचिंगला कुठं उभा राहिला? रिअल माद्रिदच्या चौदा वर्षांखालच्या पोरांसमोर.

मग २०१९ मध्ये सान सेबास्तियानला, आपल्याच सोसिएदादच्या ‘ब’ संघाकडे. तिथं तीन हंगाम. संघ २०२१ मध्ये दुसऱ्या श्रेणीत चढला आणि पुढच्याच वर्षी परत खाली आला. ऑक्टोबर २०२२ मध्ये जर्मनीच्या लेव्हरकुसेननं बोलावलं, तेव्हा तो संघ बुंडेसलिगात, म्हणजे तिथल्या मुख्य लीगमध्ये, तळातून दुसरा होता. पुढच्या हंगामात ३४ सामने, २८ विजय, ६ बरोबरी, हार एकही नाही. १९०४ साली स्थापन झालेल्या क्लबचं हे पहिलं लीग विजेतेपद, आणि बायर्ननं सलग अकरा वर्षं जिंकून झाल्यावर. हे तू मला नेहमी सांगतोस. त्याआधीची वर्षं सांगत नाहीस.

फोनवर तू इटलीच्या पिर्लोचं नाव पुढं केलंस, तो थेट मोठ्या संघाचा कोच झाला म्हणून. पिर्लोची अक्कल अलोन्सोपेक्षा कमी नव्हती, पास देण्यात तर माझ्या मते काकणभर सरसच. युव्हेंटसनं २०२०च्या जुलैअखेर त्याला २३ वर्षांखालचा संघ दिला आणि आठवडाभरानंतर थेट मुख्य संघ. पोरांबरोबर एक सामनासुद्धा झाला नाही. इटालियन कप जिंकला, पण सलग नऊ वेळा लीग जिंकलेला संघ चौथा आला आणि वर्षात त्याला जावं लागलं. त्याच्याकडून शिकण्याची वर्षं काढून घेतली गेली असं मी म्हणेन. तुझी तू स्वतः देऊन टाकू नकोस. पुढं एवढा मोठा कोच झालेल्या गार्डिओलानंसुद्धा २००७ मध्ये बार्सिलोनाचा ‘ब’ संघ चौथ्या श्रेणीत घेऊन सुरुवात केली होती.

पोरंच का, हे नीट ऐक. चेंडू यायच्या आधी तू खांद्यावरून मागं बघतोस. कधी बघतोस, कशासाठी बघतोस, विचारलं तर तुला सांगता येणार नाही. अंगात आहे, तोंडात नाही. तेरा वर्षांचं पोर ‘का?’ म्हणून विचारतं आणि उत्तर पटलं नाही तर तसं करत नाही. सिनिअर खेळाडू मान डोलावतो आणि आपलंच करतो. तुझं ज्ञान शब्दांत आणायला ती पोरंच भाग पाडतील. अलोन्सोचं एक म्हणणं आहे, टॅकल हा शेवटचा उपाय, तो काही अंगी बाणवायचा गुण नव्हे. हे पोरांना शिकवता येतं, कारण तिथं निकालाची घाई नसते. शाहू स्टेडियमची गॅलरी भरली आणि संघ एका गोलनं मागं असला, की तू स्वतः ओरडशील, ‘घुस, पाड!’ आणि तिथंच तुझं शिकणं थांबेल.

अलोन्सो लेव्हरकुसेनला आला तेव्हा तिथला फ्लोरियन विर्ट्झ १९ वर्षांचा होता आणि गुडघ्याच्या लिगामेंटच्या दुखापतीनं बाहेर होता. संघ तळाला, हातात असा हिरा, तरी त्याला घाईनं उतरवलं नाही. विर्ट्झ जानेवारी २०२३ मध्ये परतला. विजेतेपद नक्की करणाऱ्या ब्रेमेनविरुद्धच्या ५-० सामन्यात मध्यंतरानंतर उतरून त्यानं हॅट्ट्रिक केली. गुडघा काय असतो हे तुला मी सांगायला नको.

मी पोरांतच राहिलो, कारण मोठ्या संघाचं धाडस नव्हतं, असं लोक बोलतात. तुझ्याही कानावर आलं असेल. मला विचारणा झाली होती, मी नाही म्हणालो, आजही म्हणेन. तेराव्या वर्षी चुकीचं बसलेलं बाविसाव्या वर्षी निघत नाही, त्यामुळे माझं काम खालीच होतं. सल एकच आहे. मी घडवलेली पोरं वर गेली आणि तिथं त्यांना सांगितलं गेलं, विचार नको, उचलून मार पुढं. वर समजणारा कोणी नव्हता. तो तू व्हावास म्हणून तर एवढं लिहितोय. पण आधी पोरं घे.

लिव्हरपूल आणि बायर्न मागं लागले असताना अलोन्सोनं मार्च २०२४ मध्ये लेव्हरकुसेनलाच राहतो म्हणून जाहीर केलं. कोच म्हणून आपलं शिकणं अजून चालू आहे, म्हणाला. लीग खिशात येत असताना! आणि तुला दोन वर्षं जड होतायत?

सोमवारी सकाळी साडेसहाला मैदानावर ये. शिट्टी तुझी आण, कोन आणि बिब्स माझ्याकडे आहेत. मंडळाच्या लोकांना मी भेटतो, तोवर त्यांना हो म्हणू नकोस.

तुझा,
सर