चार आमची, चार तुमची

पुढच्या वर्षी नाशिकहून ऑन्टारिओत आल्यावर आधी तळघरातले घर भाड्याने घ्यायचा तुमचा विचार आहे, आणि कॅनडात घरी गांजा लावता येतो हे खरे का, घरमालकाने लावला तर मुलांना त्रास होईल का, असे तुम्ही विचारले आहे. व्हिसाचे नियम सरकारी संकेतस्थळावर वाचायला मिळतात, ते मी पुन्हा सांगत नाही. एकटेपणाचेही विचारलेत; तो असतो, सवय होते.

१७ ऑक्टोबर २०१८ पासून इथे गांजा कायदेशीर आहे. ऑन्टारिओत १९ वर्षे पूर्ण झालेल्या माणसाला घरी झाडे लावता येतात, पण माणशी नव्हे, तर घरटी चार. क्वेबेक प्रांतात एकही लावता येत नाही, आणि ती बंदी सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये कायम ठेवली. भाडेकरूला घरमालक करारातच मनाई करू शकतो. मात्र झाडे मोजत कोणी दारोदार फिरत नाही. बहुधा कोणी तक्रार केली तरच चौकशी होते, आणि तक्रार करायला नवखा माणूस धजावत नाही. मी तरी धजावलो नाही.

२०१९ च्या सप्टेंबरात आमच्या घरमालकाच्या कुंपणामागे माणसाच्या उंचीची आठ झाडे होती. मी विचारले तेव्हा तो हसून म्हणाला, "चार आमची, चार तुमची." तळघर म्हणजे वेगळे घर, हा त्याचा हिशेब होता. ऑक्टोबरात त्याने ती कापून आमच्या दारालगतच्या, घर गरम ठेवणाऱ्या भट्टीच्या खोलीत दोरीवर उलटी टांगली, आणि त्याच खोलीबाहेरच्या खुंटीवर मुलाचे थंडीचे जाकीट असे. सिंहस्थात रामकुंडावर साधूंच्या चिलमीचा वास मी लहानपणापासून ओळखतो, पण ओल्या फुलांचा हा वास त्याहून उग्र आणि चिकट होता.

आठवड्याभरात शाळेतून फोन आला. घरात कोणी मुलाजवळ बसून गांजा ओढते का, असे बाईंनी अदबीने विचारले, आणि त्याला खिडकीजवळच्या बाकावर एकटे बसवले. तो आठ वर्षांचा होता. महापालिकेत विचारले तर वास आमच्या अखत्यारीत नाही म्हणाले, आणि भाडेकरूंच्या न्यायाधिकरणाचे कागद भरता भरता हिवाळा लागला.

पोलिसांना मी कळवले नाही, कारण आमचा कायम निवासाचा अर्ज तेव्हा प्रलंबित होता. चारांपेक्षा जास्त झाडांच्या गुन्ह्याला कमाल १४ वर्षांची शिक्षा आहे, आणि ज्या गुन्ह्याची कमाल शिक्षा दहा वर्षे किंवा त्याहून अधिक, त्यात दोषी ठरलेल्या परदेशी माणसाला, अगदी कायम निवासी झालेल्यालाही, देशाबाहेर काढता येते. "चार तुमची" हे मालकाने पोलिसांसमोर म्हटले असते तर? आईला नाशिकमध्ये यातले काही सांगितले नाही. तिथे एका झाडालाही १९८५ च्या कायद्याने दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते, तिने घोरच लावून घेतला असता.

म्हणून करार करण्याआधी मागचे अंगण आणि भट्टीची खोली स्वतः पाहा, आणि तळघराच्या नावावर मालक एकही झाड लावणार नाही हे लेखी घ्या. शाळेला पहिल्याच दिवशी खरे सांगा. मी बाईंना म्हटले होते की वास शेजारच्यांचा असावा, आणि मुलगा माझ्या बाजूला उभा राहून ते ऐकत होता. आता तो माझ्याहून उंच झाला आहे. घरातून निघताना अजूनही जाकिटाची बाही नाकाशी नेतो.